घरात माणूस वाढला, शिफ्ट कमी झाल्या, मुलगा एकवीसचा झाला: कम्युनिटी हाउसिंगला काय आणि कधी कळवायचं

सिडनीत किंवा न्यू साउथ वेल्समध्ये कुठेही कम्युनिटी हाउसिंगच्या घरात राहत असाल तर रेंट रिव्ह्यूचं पाकीट ओळखीचं असेल. बहुतेक संस्था दर सहा महिन्यांनी पाठवतात, आत फॉर्म, कोण कोण राहतं ते लिहा, पेस्लिपा जोडा, अमुक तारखेच्या आत परत करा. आणि आपल्यापैकी बरेच जण काय करतात तर तो फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवतात, आणि मध्ये घरात काही बदललं तर म्हणतात आता पुढच्या रिव्ह्यूला सांगू.

इथेच गडबड होते. बदल झाला की कळवायचं असतं, पाकिटाची वाट बघायची नसते. आणि कळवायचं दोन ठिकाणी, हाउसिंगला वेगळं नि सेंटरलिंकला, म्हणजे पेन्शन आणि भत्ते देणाऱ्या सरकारी ऑफिसला, वेगळं. एकाला सांगितलं की दुसऱ्याला आपोआप कळतं असं धरून चालू नका, कधी कळतं, कधी नाही, आणि नाही कळलं तर भुर्दंड आपल्यालाच. हे "आमच्यावर लक्ष ठेवतात" असं वाटतं खरं, पण नीट बघितलं तर वेळेवर सांगण्यात जास्त फायदा भाडेकरूचाच आहे, कसा ते आकड्यांनी सांगते.

आधी घर कोणाचं ते स्पष्ट करू, कारण सगळे सरसकट "हाउसिंगचं घर" म्हणतात. सरकारी घरं, म्हणजे पब्लिक हाउसिंग, न्यू साउथ वेल्समध्ये आता होम्स एनएसडब्ल्यू बघतं. कम्युनिटी हाउसिंग म्हणजे नफा न कमावणाऱ्या संस्था चालवतात ती घरं, काही त्यांच्या स्वतःच्या मालकीची, काही सरकारची पण चालवायला दिलेली. २०१८-१९ मध्ये सरकारने सुमारे १४,००० घरांचा कारभार अशा संस्थांकडे सोपवला, त्यामुळे काही लोक एका सकाळी उठले तेव्हा घर तेच, नळ तोच, पण लेटरवरचं नाव नवीन. या संस्था अफोर्डेबल हाउसिंग नावाचा प्रकार पण चालवतात, त्यात भाडं बाजारभावापेक्षा थोडं कमी असतं आणि नियम वेगळे असतात, मी इथे त्याबद्दल बोलत नाहीये. उत्पन्नावर भाडं ठरतं त्या घरांबद्दल बोलतेय.

तर भाडं ठरतं कसं. मुंबईतल्या पागडीच्या खोलीसारखं एकदा ठरलं की वर्षानुवर्षं तेच असं इथे नाही. करारावर लिहिलेलं भाडं हे बाजारभावाचं असतं, ते बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं. पण तुम्ही ते पूर्ण भरत नाही, उत्पन्न बघून सबसिडी मिळते आणि उरलेलं भरायचं. म्हणजे घरातलं काही बदललं की हलते ती सबसिडी. म्हणून दुकानदाराने भाव वाढवावा तसं "तुम्ही माझं भाडं का वाढवलं" असं भांडून फार उपयोग होत नाही, त्यांच्या दृष्टीने भाडं तेच आहे, सवलत कमी झाली.

हिशोब साधारण असा. भाडेकरू आणि जोडीदार यांच्या उत्पन्नाचे २५ ते ३० टक्के, कमी उत्पन्नाला २५ आणि वर चढत जाऊन ३०. उत्पन्न म्हणजे टॅक्स कापण्याआधीचं, हातात पडतं ते नव्हे, हे लक्षात ठेवा कारण इथे पहिला धक्का बसतो. मुलांसाठी मिळणाऱ्या फॅमिली टॅक्स बेनिफिटचे १५ टक्के. आणि कॉमनवेल्थ रेंट असिस्टन्स, म्हणजे भाड्यासाठी सेंटरलिंककडून मिळणारी मदत, ज्याला सगळे सीआरए म्हणतात, तो पूर्णच्या पूर्ण, १०० टक्के. घरात १८ ते २० वयाचा मुलगा मुलगी कमावत असेल तर त्याच्या उत्पन्नाचे १५ टक्के, २१ झाले की त्याचेही २५ पासून पुढे. १८ च्या खालच्यांचं धरत नाहीत, म्हणजे शाळेत असताना पोरगी शनिवारी बर्गरच्या दुकानात काम करते ते पैसे तिचेच. आणि सगळं मिळून बाजारभावाच्या वर कधी जात नाही, तिथे छत आहे.

आता उदाहरण घेऊ. समजा सुजाताताई, वेंटवर्थव्हिलला दोन मुलांबरोबर राहतात, एज्ड केअरमध्ये कॅज्युअल काम, आठवड्याला ५०० डॉलर, फॅमिली टॅक्स बेनिफिट आठवड्याला २००, सीआरए १००. आकडे मी हिशोबाला सोपे घेतलेत, तुमचे वेगळे असणार. ५०० चे २५ टक्के म्हणजे १२५, २०० चे १५ टक्के म्हणजे ३०, अधिक सीआरएचे १००. भाडं २५५.

मुलगा १८ चा झाला, वूलीज सुपरमार्केटमध्ये लागला, आठवड्याला ४००. त्याचे १५ टक्के ६०. बाकी सगळं तसंच धरलं तर भाडं ३१५. खरं तर बाकी सगळं तसंच राहत नाही, शाळा संपली की त्याच्या नावचा फॅमिली टॅक्स बेनिफिटचा भाग जातो, म्हणजे तिकडूनही आकडा बदलतो, पण ते सोडा सध्या.

आता गंमत बघा. तोच मुलगा, तीच नोकरी, तोच ४०० पगार, आणि त्याचा एकविसावा वाढदिवस येतो. दुसऱ्या दिवशीपासून त्याचे १५ नाही, २५ टक्के. म्हणजे ६० चे १०० झाले. आठवड्याला ४० डॉलर वाढले आणि घरात एक पैसा जास्त आला नाही. लोकांना वाटतं "बदल" म्हणजे नवी नोकरी, नवं लग्न, काहीतरी मोठं. पण नुसतं वय वाढणं हा पण बदल आहे, आणि याची आठवण कोणी करून देत नाही. तसंच सेंटरलिंककडे, एकटी आई असेल आणि पेरेंटिंग पेमेंट घेत असेल तर सगळ्यात धाकटं मूल १४ चं झालं की ते पेमेंट थांबतं, २०२३ च्या सप्टेंबरपासून ही मर्यादा १४ आहे, त्याआधी ८ होती. मग जॉबसीकरवर, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांच्या भत्त्यावर, जावं लागतं, रक्कम बदलते, पर्यायाने भाडं बदलतं. घरातल्या मुलांचे १४, १८ आणि २१ हे तीन वाढदिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, केक आणायच्या आठवड्यात एक ईमेल पण.

आता उलटी बाजू, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची. सुजाताताईंच्या शिफ्ट कमी झाल्या, ५०० चे ३०० झाले. ३०० चे २५ टक्के ७५, म्हणजे भाडं आठवड्याला ५० नी कमी व्हायला हवं. सेंटरलिंकचे पैसे थोडे वाढतील म्हणून प्रत्यक्षात फरक थोडा कमी निघेल, पण धरून चालू ५०. त्यांनी विचार केला की पुढच्या रिव्ह्यूला सांगू, तेरा आठवडे गेले. ६५० डॉलर. हे परत मिळतील का? बहुतेक संस्थांचा नियम असा असतो की भाडं कमी करायचं असेल तर वेळेत कळवलं तर बदल झाल्या तारखेपासून, उशिरा कळवलं तर कळवल्या तारखेपासून. म्हणजे ते ६५० गेल्यात जमा. आणि उलट, उत्पन्न वाढलं आणि सांगितलं नाही, तर ते मात्र मागे जाऊन बदल झाला त्या दिवसापासून वसूल करतात. हे अन्यायाचं वाटतं का? मला वाटतं. पण नियम असा आहे हे माहीत असलं की माणूस वेळेवर ईमेल टाकतो.

कॅज्युअल कामवाल्यांचा प्रश्न नेहमीचा, की माझा पगार दर आठवड्याला वेगळा, मग काय रोज कळवू का? नाही. एखादा आठवडा जास्त शिफ्ट मिळाल्या तर कोणी ओरडत नाही, गेल्या काही आठवड्यांची सरासरी काढतात. पण तास कायमचे वाढले किंवा घटले, रोस्टर बदललं, दुसरी नोकरी धरली, तर तो बदल. ज्यांचा पगार महिन्याला येतो त्यांनी आठवड्याचा आकडा काढताना चारने भागू नये, वर्षात ५२ आठवडे असतात, तेव्हा महिन्याचा आकडा गुणिले १२ भागिले ५२. चारने भागलं तर आकडा फुगतो आणि तुम्ही स्वतःच स्वतःचं भाडं वाढवून घेता. उबर किंवा डिलिव्हरी करणारे, एबीएनवर, म्हणजे स्वतःच्या धंद्याच्या नंबरवर, काम करणारे, त्यांना पेस्लिप नसते, त्यांच्याकडून टॅक्स रिटर्न नाहीतर नफ्यातोट्याचा हिशोब मागतात, त्यामुळे पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंगच्या पावत्या ठेवा, बँकेत आलेली सगळी रक्कम ही कमाई नसते हे दाखवायचं काम तुमचं.

आता तो सीआरए, ज्यावर सगळ्यात जास्त शिव्या पडतात. "सरकार मला भाड्यासाठी मदत देतं आणि हे लोक ती सगळी उचलतात." ऐकायला तसंच आहे. पण पब्लिक हाउसिंगच्या भाडेकरूला सीआरए मिळतच नाही, तो खाजगी आणि कम्युनिटी हाउसिंगच्या भाडेकरूंना मिळतो. म्हणजे तुम्ही कम्युनिटी हाउसिंगमध्ये आहात म्हणून तो तुमच्या खात्यात येतो आणि तसाच संस्थेकडे जातो, संस्था त्यातून दुरुस्त्या नि बाकीचं चालवते. तुमच्या खिशातून जाणारा भाग साधारण पब्लिक हाउसिंगइतकाच राहतो. इथपर्यंत ठीक.

पण खरी मेख पुढे आहे. संस्था तुम्हाला प्रत्यक्षात किती सीआरए येतोय ते बघत नाही, तुम्हाला किती मिळायला हवा ते बघते. समजा भाडं बदललं, नवीन लेटर आलं, आणि तुम्ही सेंटरलिंकला नवीन भाडं कळवलंच नाही. सेंटरलिंक जुन्या भाड्यावर जुना सीआरए देत राहणार, कारण एका ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक डॉलर भाड्यामागे ७५ सेंट, कमाल मर्यादेपर्यंत, असा तो हिशोब असतो आणि त्यांना भाडं किती तेच माहीत नाही. हाउसिंग मात्र नव्या हिशोबाने पूर्ण सीआरए धरून भाडं लावणार. मधला फरक तुमच्या खिशातून. काही महिन्यांनी लेटर येतं की तुमचे एरिअर्स, म्हणजे थकबाकी, झालेत, आणि माणूस म्हणतो मी तर डायरेक्ट डेबिट लावलंय, एरिअर्स कुठून आले. इथून आले.

म्हणून रेंट रिव्ह्यूचं लेटर वाचून ड्रॉवरमध्ये टाकायचं नाही, त्यातला नवा आकडा नि तारीख लगेच मायगव्ह या सरकारी वेबसाइटवर जाऊन सेंटरलिंकला द्यायची. सेंटरलिंकला बदल कळवायची मुदत १४ दिवसांची असते. सीआरए स्वतःसुद्धा मार्च आणि सप्टेंबरमध्ये बदलतो, महागाईप्रमाणे, आणि २०२३ आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याची कमाल रक्कम अनुक्रमे १५ आणि १० टक्क्यांनी वाढवली होती, तेव्हा बऱ्याच जणांना भाडं वाढल्याचं लेटर आलं आणि "आमचं काहीच बदललं नाही तरी वाढवलं" म्हणून चिडचिड झाली. बदलला होता तो सीआरए, एका हाताने आला नि दुसऱ्या हाताने गेला.

हाउसिंगची मुदत किती? न्यू साउथ वेल्सच्या पब्लिक हाउसिंगमध्ये २८ दिवस. कम्युनिटी हाउसिंगमध्ये प्रत्येक संस्थेचं थोडं वेगळं असतं, काही कमी दिवस देतात, तुमच्या करारात किंवा टेनंट हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं. मी लोकांना सरळ सांगते की दोन्हीकडे १४ दिवसांच्या आत टाका, एकच आकडा डोक्यात ठेवायचा, प्रश्न मिटला.

आता पैशांकडून माणसांकडे, कारण आपल्या लोकांच्या घरात सगळ्यात जास्त बदल माणसांचेच होतात.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर येतात, येतात ते काय पंधरा दिवसांसाठी नाही येत, सहा महिने राहतात, बाळंतपण असेल तर जास्तच. आपल्या दृष्टीने ते पाहुणे पण नाहीत, घरचेच. हाउसिंगच्या दृष्टीने मात्र २८ दिवसांपर्यंत पाहुणा, त्यापुढे घरात राहणारी जादा व्यक्ती आणि त्यासाठी परवानगी लागते. हे २८ दिवस पब्लिक हाउसिंगचे, कम्युनिटी हाउसिंगवाले साधारण याच्याच आसपास असतात पण बघून घ्या. परवानगी सहसा मिळते, घर फार गच्च होत नसेल तर. विचारतात काय तर नाव, जन्मतारीख, नातं, किती दिवस, व्हिसा कोणता, आणि उत्पन्न. उत्पन्नात भारतातली पेन्शन पण आली. बाबांना एसटीची नाहीतर शाळेची पेन्शन येत असेल तर लपवू नका, रुपयात असली तरी उत्पन्नच आहे. आल्यावर सांगण्यापेक्षा तिकीट काढलं की सांगा, "अमुक तारखेला येतायत, अमुक तारखेला परत जातायत" असं परतीच्या तिकिटासकट, म्हणजे ते कायमचे राहायला आलेले नाहीत हे आपोआप स्पष्ट होतं.

भाचा शिकायला आला, होस्टेल परवडत नाही, मामीकडे राहतो, आणि महिन्याला काहीतरी हातावर ठेवतो. हे तर घरोघरी. पण इथे एकदम तीन गोष्टी होतात. एक, घरात माणूस वाढला, परवानगी हवी. दोन, तो २१ च्या वरचा आणि नोकरी करत असेल तर त्याच्या पगाराचा हिस्सा भाड्यात धरला जाणार. तीन, खोली देऊन पैसे घेणं याला सबलेटिंग समजलं जाऊ शकतं, आणि ते परवानगीशिवाय केलं तर करारभंग. मामीने प्रेमाने ठेवलं आणि भाच्याने प्रेमाने किराण्याचे पैसे दिले हे ट्रायब्युनलसमोर सांगत बसावं लागू नये, त्यापेक्षा आधी विचारून घेतलेलं बरं. कधी कधी उत्तर येतं की भाडं इतकं वाढेल, मग भाच्याला तेवढं मागता तरी येतं.

माणूस कमी झाला तरी सांगायचं, हे लोक हमखास विसरतात. मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली, तिचा पगार मात्र भाड्यात धरलेला तसाच. ती गेली त्या आठवड्यात एक ईमेल टाकली असती, तिचा नवा पत्ता दाखवणारं काहीतरी, बँकेचं स्टेटमेंट किंवा तिचा तिकडचा रेंटचा करार, तर तिचा हिस्सा त्याच आठवड्यात उतरला असता.

आणि रेकॉर्डवर नाव असण्याचा एक फायदा आहे जो संकटात कळतो. ज्याच्या नावावर टेनन्सी आहे तो गेला, तर मागे राहिलेल्यांना त्या घरात राहू द्यायचं का हे ठरवताना पहिला प्रश्न हा असतो की ही व्यक्ती या घरात राहतेय असं आमच्याकडे नोंदवलं होतं का, किती वर्षांपासून. जोडीदाराचा विचार आधी होतो, मुलगा सून किंवा म्हातारी आई यांचं तपासून ठरवतात. भाडं वाढेल म्हणून आईचं नाव कधी दिलंच नाही, तर त्या आईचं काय होईल ते स्वतःच विचार करा. वाचवलेले पैसे एका बाजूला आणि राहतं घर एका बाजूला.

जोडीदार गेला की घरात फोटोला हार घातलेला असतो, बारावं तेरावं चालू असतं, भेटायला माणसं येत असतात, तेव्हा हाउसिंग ऑफिसला कोण फोन करणार. ते काम शेजाऱ्याने किंवा भाचीने उचलावं, खरंच सांगते. सेंटरलिंकचं पेन्शन जोडप्याच्या दरावरून एकट्याच्या दरावर जातं, आणि दोघंही पेन्शनवर असतील तर मधल्या काळात १४ आठवड्यांपर्यंतचं बीरीव्हमेंट पेमेंट मिळू शकतं, पण कळवल्याशिवाय त्यांना काही समजत नाही. आणि हाउसिंगकडे गेलेल्या माणसाचं उत्पन्न हिशोबात तसंच धरलेलं असतं, म्हणजे दुःखात वर जास्तीचं भाडं. मृत्यूचा दाखला हातात यायला वेळ लागतो, त्यासाठी थांबू नका, फोन करून सांगा, कागद नंतर देते म्हणा, तारीख नोंदवली गेली की झालं.

नवरा-बायको वेगळे झाले तरी तेच, आणि मारहाणीमुळे वेगळे झाले असतील तर अजून लवकर. लोकलज्जेने बाई गप्प बसते, तो निघून गेलेला असतो, आणि त्याचा पगार तिच्या भाड्यात तसाच धरलेला. हाउसिंगवाल्यांना सांगताना पहिलं वाक्य हे की माझ्याशी या नंबरवरच बोला आणि माझी माहिती त्याला देऊ नका. करार दोघांच्या नावावर असेल आणि कोर्टाच्या अंतिम एव्हीओमध्ये, म्हणजे हिंसेपासून संरक्षणाच्या आदेशात, त्याला घरात यायला मनाई केलेली असेल तर न्यू साउथ वेल्सच्या कायद्याने त्याची टेनन्सी तिथे संपते, तिची चालू राहते. तिलाच घर सोडून जायचं असेल तर ठरावीक कागद देऊन दंडाशिवाय लगेच करार संपवता येतो, हा नियम २०१९ पासून आहे. कोणाशी तरी बोलायचं असेल तर १८०० ७३७ ७३२ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आता भारतवारी. डिसेंबर जानेवारी नाहीतर पूर्ण हिवाळा गावी, आपल्या पेन्शनर मंडळींचं ठरलेलं. घर बंद करून किती दिवस जाता येतं? पब्लिक हाउसिंगमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त जायचं असेल तर आधी परवानगी. कम्युनिटी हाउसिंगमध्ये काही ठिकाणी याहून कमी. कारण उघड आहे, वेटिंग लिस्ट मोठी आणि बंद घर म्हणजे सोडून दिलेलं घर असा संशय येतो. कारण द्यावं लागतं, आजारी आई, लग्न, ऑपरेशन, ते चालतं. भाडं मात्र चालू ठेवायचं, आणि इथल्या कोणाचं तरी नाव देऊन ठेवायचं, पाइप फुटला तर दार कोण उघडणार. सेंटरलिंकचे नियम पुन्हा वेगळे. एज पेन्शन बाहेर गेल्यावरही चालू राहतं पण सहा आठवड्यांनंतर त्यातला सप्लिमेंटचा भाग कमी होतो, आणि सीआरए २६ आठवड्यांनंतर बंद होतो. तो बंद झाला की हाउसिंगला सांगायला लागतंच, कारण ते तो धरून बसलेले असतात.

पुण्यातला फ्लॅट. याबद्दल लोक आवाज खाली करून विचारतात. सासऱ्यांनी नावावर केलेला, त्यात भाडेकरू ठेवलाय, महिन्याला पंधरा वीस हजार येतात. सरळ उत्तर असं की भारतातली मालमत्ता आणि त्याचं भाडं सेंटरलिंकलाही सांगायचं आणि हाउसिंगलाही. तुमच्या नावावर कुठेही घर असणं हा पात्रतेचा प्रश्न असू शकतो, त्यामुळे वारसाहक्काने नुकतं नावावर झालं असेल तर आधी टेनंट्स अॅडव्हाइस सर्व्हिसला फोन करून सल्ला घ्या, ती मोफत असते आणि हाउसिंगवाल्यांपासून स्वतंत्र असते. दहा वर्षांनी सापडण्यापेक्षा आज विचारलेलं परवडतं.

"नोकरी लागली की घर जाईल" ही भीती पण काढून टाका थोडी. उत्पन्न वाढलं की भाडं वाढतं, बाजारभावाला पोचलं की तिथे थांबतं. ज्यांच्या कराराला शेवटची तारीख आहे त्यांची ती तारीख आल्यावर पात्रता परत बघतात, हे खरं. पण पगार वाढल्याचं कळवलं म्हणून दुसऱ्या महिन्यात सामान रस्त्यावर, असं होत नाही. आणि लपवून राहत पण नाही, मालक प्रत्येक पगाराला टॅक्स ऑफिसला आकडा पाठवतो, तो सेंटरलिंकला दिसतो, आणि तुम्ही सही केलेल्या संमतीने हाउसिंगला सेंटरलिंकची माहिती दिसते.

कळवायचं कसं, तर शक्यतो लेखी. ऑफिसमध्ये जाऊन काउंटरवर सांगितलं, बाई हसून हो म्हणाली, आणि तीन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही, हे फार बघितलंय. ईमेल करा, चार ओळी पुरतात: माझं नाव आणि पत्ता, अमुक तारखेपासून माझे कामाचे तास कमी झाले, सोबत पेस्लिपा जोडल्यात, कृपया रेंट परत काढा आणि ही ईमेल मिळाल्याचं कळवा. "परत काढा" हे नक्की लिहा, नुसती बातमी दिली तर फाइलला लागून राहते. फोन केला तर बोलणाऱ्याचं नाव आणि रेफरन्स नंबर लिहून घ्या, नंतर तेच ईमेलने टाका. इंग्रजीत अडचण असेल तर १३१ ४५० हा सरकारी दुभाषा सेवेचा नंबर, मराठी मागा, लगेच मिळाला नाही तर वेळ ठरवून घ्या किंवा हिंदी चालत असेल तर हिंदी. शाळेतल्या पोराला भाषांतराला बसवू नका, निदान घटस्फोट आणि कर्ज असल्या विषयांना तरी नको.

उशीर झालाच असेल, वर्षभर मुलाचा पगार सांगितला नसेल, तर त्यांनी पकडण्याआधी आपण सांगितलेलं केव्हाही बरं. मागचे पैसे भरावे लागतील पण एकदम नाही, दर पंधरवड्याला थोडे थोडे असं ठरवून घेता येतं, सेंटरपेमधून, म्हणजे थेट सेंटरलिंकच्या पैशांतून, कापून घ्यायला सांगता येतं. परवडेल तेवढ्याच हप्त्याला हो म्हणा, भिडेखातर मोठा आकडा कबूल करून दोन हप्त्यांत मोडू नका. १४ दिवसांचं भाडं थकलं की नोटीस देता येते त्यांना, पण नोटीस म्हणजे बाहेर काढणं नव्हे, बाहेर काढायला एनकॅट या ट्रायब्युनलचा आदेश लागतो आणि तिथे तुम्हाला तुमचं म्हणणं मांडता येतं. नोटीस आली म्हणून घाबरून चावी देऊन टाकू नका, आणि ट्रायब्युनलच्या तारखेला गैरहजर तर मुळीच राहू नका.

आणि हिशोबच चुकलाय असं वाटलं तर आधी त्यांच्याकडे आकडेवारी मागा, कोणाचं उत्पन्न किती धरलं, किती टक्के लावले, सीआरए किती धरला. हे मागायचा हक्क आहे, आणि बऱ्याचदा चूक तिथेच सापडते, पंधरवड्याचा आकडा आठवड्याचा म्हणून टाकलेला असतो, किंवा गेलेली मुलगी अजून यादीत असते. त्यांनी ऐकलं नाही तर लेखी रिव्ह्यू मागायचा, तो निर्णय दुसरा माणूस परत बघतो. तरी पटलं नाही तर हाउसिंग अपील्स कमिटी, ती स्वतंत्र आहे आणि कम्युनिटी हाउसिंगचीही प्रकरणं बघते, फी नाही. निकाल लागेपर्यंत भाडं भरत राहा, वाद आहे म्हणून बंद केलं तर वाद बाजूला राहतो आणि एरिअर्सची केस पुढे येते.

हे सगळं न्यू साउथ वेल्सचं झालं. व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड किंवा पर्थकडे टक्के, मुदती आणि अपील कुठे करायचं ते वेगळं, तिकडच्यांनी माझे आकडे वापरू नयेत. सेंटरलिंकचे नियम मात्र देशभर एकच, तेव्हा १४ दिवस आणि नवं भाडं मायगव्हवर टाकणं हे दोन सगळ्यांनाच लागू.